बॅटरीतलं पाप

बोनेट वर गेलं आणि सगळी गर्दी एक पाऊल मागे सरकली. कशासाठी, तर आतलं पाप अंगावर उडू नये म्हणून. हो, पापच. त्या थंडीत आमच्या टॅक्सी स्टँडवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांमध्ये पाप साठायला लागलं होतं आणि ते उपसायला एक बाबा आले होते.

मी हे सगळं बुकिंगच्या खिडकीतून बघत होते. फोन घ्यायचा, कुणाला कुठे जायचंय ते विचारायचं आणि रांगेतल्या पहिल्या गाडीला हाक मारायची, हे माझं काम. पायाशी हीटर, समोर काच, काचेवर सकाळी बर्फाचा पातळ पापुद्रा. तो नखानं खरवडला की अख्खं स्टँड दिसतं. काय काय दिसतं ते सांगायला बसले तर घरोघरी भांडणं लागतील, म्हणून बॅटरीपुरतंच सांगते.

बाबांच्या खांद्यावर जाड घोंगडी, हातात पितळी टोकाची काठी आणि काखेत तीर्थाचा थर्मास. तीर्थ कोमटच हवं, अशी त्यांची ताकीद होती. त्या दिवशी नंबर होता तात्यांचा. तात्या म्हणजे स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, एरवी देवालासुद्धा भाडं विचारल्याशिवाय गाडीत घेणार नाहीत असे. पण आता हात जोडून उभे.

"लेकरांनो," बाबा म्हणाले, "गाडीला जीव असतो. तो कुठे असतो? पेट्रोलात नाही. पेट्रोल हे अन्न. जीव असतो बॅटरीत. मालकाचं पाप त्या जीवावर चढतं. थंडी पडली की ते गोठतं, आणि जीव घुसमटतो."

माना डोलल्या. ज्या माणसांनी उभा जन्म इंजिनात हात काळे केले, ती माणसं माना डोलवत होती.

मग बाबांनी थर्मासातलं थोडं तीर्थ आधी स्वतःच्या तळहातावर ओतलं आणि हात सगळ्यांसमोर फिरवला. "बघा. निर्मळ हातावर तीर्थ शांत राहतं. आता मालकाचं बघू." आणि उरलेलं ओतलं बॅटरीच्या टोकांवर.

फस्स करून फेस आला. पांढरा, हिरवट, बुडबुड्यांचा, उतू जाणारा फेस. तात्यांच्या बॅटरीवर तर तो इतका आला की त्यांच्या बायकोनं तिथल्या तिथे विचारलं, "अहो, काय काय करून ठेवलंय?" तात्यांनी घाबरून दोनतीन गोष्टी कबूलही केल्या. त्यांतली एक माझ्याबद्दलची होती. त्यांच्या ओळखीच्या भाड्यांना मी मुद्दाम दुसऱ्या गाडीत घालते असं ते मागे सांगत सुटले होते म्हणे. मी खिडकी बंद करून घेतली.

फेस बसल्यावर बाबांनी काठी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर ठकठक आपटली आणि म्हणाले, "फिरव किल्ली." तात्यांनी फिरवली. सकाळपासून मेल्यासारखी पडलेली गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. गर्दीच्या तोंडून श्वास सुटला. तात्यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्या डोळ्यांतही आलं, पण ते रागाचं होतं.

एवढ्यावर भागत नसे. पाप निघाल्यावर प्रदक्षिणा. बाबा पुढच्या सीटवर बसत आणि गाडी तलावाभोवतीच्या रस्त्यानं चांगली तासभर फिरवायला लावत. हीटर बंद, गाणी बंद, मौन. वाटेत बाबांची चार घरची कामं होऊन जात. परत आल्यावर शेवटचा नियम सांगत, "आता बोनेटला हात लावायचा नाही. उघडलंत की कृपा उडाली. धक्काही मारायचा नाही. मागून धक्का म्हणजे जीवाचा अपमान."

एखाद्याचं बोनेट उघडून बाबा नुसतंच आत बघत आणि मान हलवत. "हिचा जीव गेलाय रे. मी मेलेल्याला उठवत नाही. नवीन घे." नवीन कुठून घ्यायची? बाबांचे एक भाचे होते, त्यांचं बॅटऱ्यांचं दुकान होतं. योगायोग, दुसरं काय.

आमचे हेही त्याच रांगेतले ड्रायव्हर, आणि बाबांचे उजवे हात. एरवी हा माणूस नुसत्या आवाजावरून सांगेल की गाडीचा कुठला बोल्ट ढिला झालाय. पण आमच्या बॅटरीवर फेस आला, तेव्हापासून घरात तीर्थाची बाटली आली, फळीवर चढली आणि ह्यांचं डोकं फळीवर गेलं. मी म्हटलं, "अहो, जरा बोनेट उघडून बघा तरी." तर म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं, "मला नाही कळत, म्हणून तुम्ही बघा." ह्यांनी कूस बदलली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मग बाई रस्त्यावर राहिल्या.

बाई म्हणजे आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अर्धं स्टँड त्यांच्या हातचे धपाटे खाऊन मोठं झालंय. त्यांची मूत्रपिंडं कामातून गेलीत. आठवड्यातून तीनदा खाली दरीतल्या हॉस्पिटलात जायचं, यंत्राला जोडून घ्यायचं, रक्त धुऊन आणायचं. पहिल्या पाळीला पोचलं नाही तर यंत्र दुसऱ्याला जातं. दोन हिवाळे आमचेच हे त्यांना नेत होते, उजाडायच्या आत.

एका कडाक्याच्या सकाळी बाई मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसल्या, ह्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी नुसती टक म्हणाली. पुन्हा टक. मग तेही नाही. बोनेट उघडायचं नाही, धक्का मारायचा नाही. हे हात जोडून स्टिअरिंगपुढे बसले. दुसऱ्या गाड्यांचीही तीच गत. ऊन भिंतीवर आलं, मग बाबा आले, फेस आला, गाडी सुरू झाली. बाईंचं यंत्र तोवर गेलेलं.

बाबांनी तिथेच निदान करून टाकलं. "आजारी माणूस गाडीत बसला की गाडीतला जीव ओढून घेतो. ऊन पडण्याआधी अशा माणसाला बसवू नका. छाया असते त्यांची."

झालं. पुढच्या पाळीला मी बाईंसाठी रांगेतल्या पहिल्या गाडीला हाक मारली, तर तो म्हणाला पोट दुखतंय. दुसऱ्याच्या मेव्हण्याकडे काहीतरी होतं. तात्यांनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. आणि ह्यांनी, माझ्या नवऱ्यानं, खाली बघून सांगितलं, "थोडे दिवस जाऊ दे." थोडे दिवस. बाईंकडे थोडे दिवस कुठे होते? त्या वेळी दुधाच्या टेम्पोवाल्यानं त्यांना पुढे कॅनांच्या शेजारी बसवून नेलं. पण त्याचा रस्ता आता बदलणार होता, आणि बाईंची पुढची पाळी परवावर आली होती.

मी त्या दुपारी फळीवरची बाटली पदराखाली घेतली आणि बाईंच्या घरी गेले.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. पाय सुजून मोजे घोट्यापर्यंतसुद्धा जात नव्हते. दम लागत होता. पण बाटली बघितल्यावर चेहरा असा झाला की मला शाळेतली प्रयोगशाळा आठवली आणि आपोआप ताठ उभी राहिले.

"बस गं. परीक्षा नाही घेत. लिंबू काप आधी."

मी कापलं, आणि कापता कापता स्टँडवरचं सगळं सांगितलं. बाईंनी तीर्थाचे थेंब मिठावर टाकले. काही नाही. साखरेवर टाकले. काही नाही. लिंबावर टाकले आणि फस्स.

"अरेरे," बाई म्हणाल्या, "लिंबू फारच पापी निघालं."

मी हसत सुटले. बाईंनी विचारलं, "ओळख बघू काय आहे ते. तुझ्या स्वयंपाकघरात डबा आहे त्याचा."

"खायचा सोडा?"

"कोमट पाण्यात खायचा सोडा. आता मला सांग, तो बाबा सहा वाजता का येत नाही?"

"ऊन पडल्यावर येतो."

"बॅटरी उन्हानं जरा ऊब धरते, तेव्हा येतो. बरं, जी गाडी तो 'मेली' म्हणतो, तिच्या बॅटरीची टोकं कशी असतात? कधी बघितलंस?"

मी आठवून बघितलं. खिडकीतून रोज तेच तर बघत होते. "स्वच्छ," मी म्हटलं. "चकचकीत असतात."

"म्हणजे जिथे फेस येणार नाही, तिथे हात घालत नाही. हुशार आहे. माझ्या वर्गात असता तर पहिल्या बाकावर बसवला असता, लक्ष ठेवायला." त्या जरा थांबल्या, श्वास घेतला. "तू म्हणालीस, आधी स्वतःच्या हातावर ओततो?"

"दर वेळी. हात निर्मळ आहे हे दाखवायला."

बाई खुर्चीत मागे रेलल्या. "लिंबूसत्व आहे का गं घरात? आणि एक चांगला मऊ टॉवेल."

दुसऱ्या दिवशी ऊन भिंतीवर आलं आणि बाबाही आले. मी बाईंना हाताला धरून स्टँडवर नेलं तेव्हा रांगेतले सगळे एकदम आपापल्या आरशात बघायला लागले. बाई थेट बाबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"बाबा, माझ्या छायेनं पोरांच्या गाड्या मरतायत म्हणे. उद्या माझी पाळी आहे. सगळ्यांसमोर एकदा काय ती शुद्धी करून टाका, म्हणजे मला कुणीतरी नेईल."

बाबांना तेच हवं होतं. इतकी गर्दी, शाळेच्या बाई स्वतः शरण आलेल्या. आवाज चढला. "माते, योग्य जागी आलीस. आजार म्हणजे तरी काय? साठलेलं पापच."

"असेल, असेल," बाई म्हणाल्या. "पण तुमचे हात किती गारठलेत हो. सकाळपासून लोकांची पापं उपसताय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डबा उघडला. आतला टॉवेल वाफाळत होता. लिंबूसत्वाच्या गरम पाण्यात तो चांगला मुरवलेला. त्याला वास नाही, रंग नाही, काही नाही. बाबांनी दोन्ही हात मनसोक्त शेकून घेतले. बोटांच्या बेचक्यासुद्धा सोडल्या नाहीत. मी मनात म्हटलं, घे बाबा, पोटभर घे.

"आता नेहमीसारखं आधी तुमच्या हातावर," बाई नम्रपणे म्हणाल्या, "म्हणजे पोरांना फरक कळेल."

बाबांनी थर्मास उघडला, तळहात उंच केला आणि ओतलं.

फस्स.

बाबा हाताकडे बघत राहिले. हात बाबांकडे बघत राहिला. त्यांनी घाईनं दुसऱ्या हातानं फेस पुसला, तर तोही हात फसफसायला लागला. घोंगडीला पुसायला गेले, थर्मास कलंडला, आणि मनगटापर्यंत पाप चढलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बाबांचं तात्यांपेक्षा जास्त निघालं." तात्यांच्या बायकोनं तात्यांकडे जरा मायेनं बघितलं.

"असू द्या हो बाबा," बाई म्हणाल्या. "माणूस म्हटला की थोडंफार असायचंच. आता कबूल करून टाका, की मोकळं वाटतं."

"टॉवेलला काहीतरी लावलंय," बाबा ओरडले. "हे पाप नाही. हा सोडा आहे, साधा सोडा. आंबट लागलं की फसफसतोच तो."

बाईंनी कानामागे हात धरला. "जरा मोठ्यानं सांगा. मागच्या ओळीला ऐकू गेलं नाही."

बाबांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. त्यांनी घोंगडी सावरली, काठी उचलली आणि प्रदक्षिणेला पायीच निघाले. कुणी आडवं गेलं नाही, कुणी सोडायलाही गेलं नाही. भाच्याचं दुकान त्या दिवशी दुपारीच बंद झालं.

"उघड रे बोनेट," बाई ह्यांना म्हणाल्या. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं? बाई सांगतात तसं करा."

मग वर्ग भरला. बॅटरीत तेजाब असतं, त्याची वाफ टोकांवर जमून पांढरट हिरवट खपली धरते, आणि खपलीतून वीज धड जात नाही. सोडा त्या आंबट खपलीला खातो, खाताना फेस येतो. काठी आपटली की ढिली पकड जरा बसते, पण घट्ट होत नाही, म्हणून बाबांना पुन्हा पुन्हा बोलवावं लागतं. "हातमोजे घालून, चष्मा लावून, गाडी बंद करून घरीच धुवा," बाई म्हणाल्या. "आधी काळी वायर काढा, लावताना ती शेवटी लावा. नटाला पाना लावा. वरून जरा ग्रीस. काठी लागत नाही."

"पण बाई, थंडीतच का होतं मग हे?" तात्यांनी विचारलं. मला वाटतं शाळेत असतानाही त्यांनी एवढा चांगला प्रश्न विचारला नसेल.

"कारण बॅटरीलासुद्धा थंडीत अंथरुणातून उठवत नाही. आतली रासायनिक क्रिया मंदावते, ताकद कमी येते. आणि तिकडे इंजिनातलं तेल घट्ट झालेलं, त्याला फिरवायला ताकद जास्त लागते. एकीकडे आवक कमी, दुसरीकडे मागणी जास्त. त्यात तुमची ही रांग. पुढची गाडी गेली की मागचे सगळे गाडी सुरू करतात, एक गाडीभर पुढे सरकतात आणि बंद करतात. दिवसभर हेच. मधल्या वेळात हीटरचा पंखा, गाणी. सुरू करायला जी वीज खर्च होते ती परत भरायला गाडी पुरेशी चालतच नाही. ती बिचारी उपाशी मरते, आणि तुम्ही तिच्यात पाप शोधताय."

"मग प्रदक्षिणेनं बरं वाटायचं ते?" ह्यांनी अगदी लहान आवाजात विचारलं.

"तासभर गाणी न लावता चालवलीस की भरते. त्यासाठी बाबाला शेजारी बसवायची गरज नव्हती. मला हॉस्पिटलात नेलं असतंस तरी भरली असती."

तात्या पुढे झाले. "बाई, उद्या मी नेतो तुम्हाला."

"कोण नेणार ते नंतर बघू," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला धपाट्याच्या आधीची ती जुनी शांतता ओळखू आली. "थंडीनं बॅटरी बसली, त्यात तुमची चूक नाही. फेसाला भुललात, तेही सोडून देते, मलाही फेस बघायला आवडतो. पण एक माणूस सांगतो की म्हातारी गाडीत बसली की गाडी मरते, आणि तुमच्यातल्या एकालाही वाटलं नाही की बसवून तर बघू? एवढाच प्रयोग होता रे. मला बसवायचं आणि किल्ली फिरवायची."

आणि त्या खरंच आमच्या गाडीत जाऊन बसल्या. "फिरव." ह्यांनी फिरवली. सुरू झाली. बाई उतरल्या आणि तात्यांच्या गाडीत बसल्या. "फिरव." सुरू झाली. मग तिच्यामागच्या गाडीत. त्या सुजलेल्या पायांनी, दाराला धरून, दर वेळी धापा टाकत, त्या रांगेतली एकेक गाडी घेत गेल्या. मी आधार द्यायला हात पुढे केला तर तो बाजूला सारला. निम्म्या रांगेवर पोचेपर्यंत ड्रायव्हरांना त्यांच्याकडे बघवेना. ज्याच्या पोटात दुखत होतं, तो तर त्यांच्यासाठी दार उघडून रडायलाच लागला.

एक गाडी मात्र सुरू झाली नाही. सगळे पुन्हा बाईंकडे बघायला लागले. बाईंचे डोळे लकाकले. "आता काय करायचं?" त्यांनी वर्गाला विचारलं. आणि स्वतःच खाली उतरल्या, चांगली दहाबारा पावलं लांब जाऊन भिंतीला टेकल्या. "आता फिरव." तरीही टकच आलं. "मी नसतानाही मेलेलीच आहे. म्हणजे मी नव्हे. हिची बॅटरी तपासायला न्या, जुनी झाली असेल, आणि दुकान भाच्याचं सोडून दुसरं बघा."

आता स्टँडवर गाड्या सरकवायच्या नसतात. पुढची गेली तरी मागची जागेवरच उभी राहते आणि नंबर मी खिडकीतून पुकारते. बाई पहिल्या पाळीला पोचतात, आणि त्यांना कोण नेणार यावरून भांडणं होतात ती मलाच सोडवावी लागतात. ह्यांना मी अजून पुरतं माफ केलेलं नाही. ते थोडे दिवस जाऊ दे म्हणाले होते ना, मग आता जाऊ दे की थोडे दिवस.

तुमच्याकडेही कुणीतरी येईल. थर्मास नसेल कदाचित, दुसरं काही असेल. फेस दाखवील, आवाज काढील, आणि मग हळूच बोट दाखवील एखाद्या आजाऱ्याकडे, एखाद्या विधवेकडे, एखाद्या एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे, की हिच्यामुळे तुमचं बिघडतंय. त्या वेळी फार मोठं शास्त्र लागत नाही हो. त्या माणसाला गाडीत बसवा, आणि किल्ली फिरवून बघा.